एकाच तपासणीची दुसरी खेप : ॲनोरेक्टल मॅनोमेट्री सेवेचा अनुभव

माझ्या आईची जुनाट बद्धकोष्ठतेसाठी ॲनोरेक्टल मॅनोमेट्री, म्हणजे गुदाशय व गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी, पुण्यातील एका खासगी केंद्रात चार महिन्यांच्या अंतराने दोनदा झाली, आणि या सेवेचे मोल मला दुसऱ्या खेपेलाच नीट कळले. बायोफीडबॅकच्या, म्हणजे स्नायूंचे काम यंत्रावर पाहत ते सुधारण्याच्या, व्यायामांनी स्नायूंत खरोखर फरक पडला की केवळ मोजमाप हलले, हे ठरवायचे असेल तर दोन्ही वेळची पद्धत तंतोतंत सारखी असावी लागते.

दाबाच्या मोजणीत ती तशी होती. २०२० च्या लंडन वर्गीकरणासोबतच्या (गुदाशय व गुदद्वाराच्या कार्यातील बिघाडांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीसोबतच्या) प्रमाणित क्रमानुसार तंत्रज्ञ बाईंनी दाब मोजणारी नळी गुदद्वारातून बसवल्यावर आईला ३ मिनिटे स्वस्थ पडू दिले, मग १ मिनिट विश्रांतीचा दाब नोंदवला आणि त्यानंतर आवळणे, खोकणे, जोर करणे या कृती ठरलेल्या अंतराने करवून घेतल्या. विश्रांतीचा दाब दोन्ही वेळा जवळपास सारखा आला. जोर करतानाचे आकडे मात्र संकोचामुळेही बदलतात. म्हणून बाईंनी दोन्ही वेळा त्याच शांत शब्दांत सूचना दिल्या, याचे मला फार समाधान वाटले.

माझी तक्रार फुग्याच्या चाचणीबद्दल आहे. पहिल्या वेळी गुदाशयात ठेवलेला ५० मिली पाण्याचा फुगा कमोडवर बसून बाहेर टाकायला सांगितला, दुसऱ्या वेळी कुशीवर झोपवून, आणि अहवालात या बदलाचा उल्लेखच नाही. अशा दोन वेळांची तुलना करून सुधारणा किंवा बिघाड ठरवणे योग्य नव्हे. केंद्राने स्थितीची नोंद अहवालात अवश्य छापावी.