एसपी फ्लॅश टूल: अपडेटमध्ये मेलेल्या मीडियाटेक फोनसाठी
अपडेट अर्धवट राहून फोन लोगोवर अडकला किंवा स्क्रीन काळीच राहिली, तरी चिप मीडियाटेकची असेल तर हे कंप्युटरवर चालणारं फुकटचं टूल बरेचदा कामाला येतं. चिपमधला बूट रॉम (फोन सुरू करणारा कायमचा कोड) फ्लॅशिंगने, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरल्याने, पुसला जात नाही आणि टूल थेट त्याच्याशीच बोलतं.

आधी कंप्युटरवर व्हीकॉम ड्रायव्हर (फोन ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) टाका. नेमक्या मॉडेलच्या फर्मवेअरमधली (फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) स्कॅटर फाइल, म्हणजे कोणता भाग मेमरीत कुठे जातो ते सांगणारी फाइल, निवडा, पर्याय ‘डाउनलोड ओन्ली’ ठेवा. यूजरडेटापुढची (तुमच्या फाइल्सच्या भागापुढची) टिक काढलीत तर फोटो वाचण्याची आशा राहते. फोन बंद ठेवून आधी ‘डाउनलोड’ दाबा, मगच केबल जोडा. उलटं केलंत तर चार्जिंग सुरू होतं आणि टूल नुसतं वाट बघत बसतं. तरीही ओळखलं नाही, तर व्हॉल्यूमचं बटण दाबून धरून जोडा. यूएसबी हब टाळा.

‘फॉरमॅट ऑल’ला मात्र हात लावू नका. त्यात एनव्हीरॅम (फोनची नेटवर्कची माहिती ठेवणारा भाग) पुसली की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) गेला, मग सिम घालूनही नेटवर्क नाही. असला पर्याय इतका हाताशी ठेवायची काय गरज होती कोण जाणे!

एररचे मेसेज अगम्य आहेत. शिवाय बऱ्याच नव्या फोनना कंपनीची ऑथ फाइल (फ्लॅशिंगची परवानगी देणारी) लागते. तिथे सर्व्हिस सेंटरच गाठा.