ऑनलाइन बियाण्याचं किट की मार्केट यार्डातलं दुकान?

ते "४० प्रकारच्या भाज्या" वालं कॉम्बो किट सध्या सगळ्यांनाच दिसतंय फोनवर, म्हणून लिहितेय. नाव घेत नाही. पाकिटं दिसायला एकदम भारी, वर लालबुंद टोमॅटो, आत थोडेसे दाणे, ते ठीकच आहे कारण कुंडीला लागतात किती. पण पाकीट उलटं केलं की मागे काहीच नाही! वाण कोणतं तर "टोमॅटो". अहो पण कुठला टोमॅटो? लॉट नंबर नाही, टेस्टची तारीख नाही, उगवण किती टक्के ते नाही. फक्त पॅकिंगची तारीख, आणि काल पॅक केलं म्हणून बी काही ताजं होत नाही ना. कांद्याचं बी तर आपल्या हवेत वर्षभर उघडं राहिलं तरी कामातून जातं. भेंडी, चवळी बऱ्यापैकी उगवली, कांदा ढिम्म. आणि पुण्यात एप्रिलमध्ये लेट्यूस कशाला पाठवता? त्याचं बी उकाड्यात उगवतच नाही धड, ते दिवाळीनंतरचं काम. ५ पैकी २ स्टार, तेही भेंडीमुळे.

आता मी गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या बाजूला शेतकरी जिथून घेतात तसल्या एका बियाण्याच्या दुकानातून आणते. काउंटरवरच्या काकांनी पहिलं विचारलं, "ताई, कुंडीत लावणार का वाफ्यात? हायब्रीड देऊ का सरळ वाण?" हे विचारलं तिथेच मी खूश. पुढच्या वर्षी घरचंच बी धरायचं असेल तर सरळ वाण घ्या, हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर, त्याचं धरलेलं बी पुढे कसं निघेल सांगता येत नाही. मी मिरचीत पुसा ज्वाला आणि भेंडीत अर्का अनामिका घेतली, दोन्ही सरळ वाण.

इथल्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं: वाण, लॉट, उगवण, शुद्धता, कधी टेस्ट केलं, कधीपर्यंत वापरायचं. मिरचीवर ६० टक्के उगवण वाचून घाबरू नका, सर्टिफाइड बियाण्याचा सरकारी किमान निकषच तेवढा आहे, भेंडीला ६५, टोमॅटोला ७०. म्हणजे चार रोपं हवी तर सात-आठ दाणे टाका, सोपं आहे. तारीख मात्र नीट बघा, टेस्टपासून साधारण ९ महिन्यांची मुदत असते आणि दुकानदार पुढचं पाकीट आधी काढून देणार हे गृहीतच धरा, बिनधास्त मागचं मागा, काका चिडत नाहीत.

भेंडीचं बी गुलाबी निघालं तर तो थायरमसारख्या बुरशीनाशकाचा रंग आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका, पेरून झालं की साबणाने हात धुवा आणि उरलेलं पाखरांना बिलकुल टाकू नका. किटवाल्यांनी यावर एक ओळ लिहिली नव्हती.

तक्रार एकच, पाकीट शेताच्या हिशोबाचं. १० ग्रॅम मिरचीत हजारावर दाणे बसतात, आपल्या गॅलरीला काय करायचेत एवढे! आमच्या सोसायटीत आम्ही चौघी मिळून घेतो आणि वाटून टाकतो, उरलेलं घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये. मेथी आणि कोथिंबिरीवर मात्र कुठेच पैसे घालवू नका, वाण्याकडचे मेथीदाणे आणि धने चालतात, फक्त धने हलके रगडून दोन फाका करून पेरा.

ज्यांना यार्डापर्यंत जाणं जमत नाही त्यांनी बेंगळुरूच्या आयआयएचआर या सरकारी फळं-भाज्या संशोधन संस्थेचं सीड पोर्टल, म्हणजे बियाण्याची वेबसाइट बघा, अर्का अनामिकासारखी त्यांची 'अर्का' नावाची वाणं थेट त्यांच्याकडूनच मागवता येतात.

दुकानाला ४ स्टार. एक कापला तो पार्किंगचा, टेम्पोंच्या गर्दीत स्कूटर लावायलाही जागा नसते, रिक्षानेच जा.