सांधेदुखीसाठी ओमेगा थ्री: जवस, बांगडा की कॅप्सूल?

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, सांध्यांना सूज, डॉक्टरांनी आमवात (रूमॅटॉइड) सांगितलाय आणि घरातला प्रत्येकजण वेगळंच काहीतरी खायला सांगतोय, तर हे अशा माणसासाठी.

आधी आत काय चालतं ते बघू. पेशीच्या आवरणातलं अरॅकिडोनिक ॲसिड, म्हणजे एक ओमेगा सिक्स फॅट, सुटं झालं की एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन हे सूज आणणारे रेणू बनवतात आणि मग सूज, लाली, ठणका सगळं सुरू. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतं, हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ ला दाखवलं आणि १९८२ ला त्यांना नोबेल मिळालं. पण सूज उतरते ती काही नुसती आपोआप नाही, ती उतरवणारे रेणू शरीर वेगळे बनवतं, त्यातले रिझॉल्विन बनतात ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा थ्री पासून, ते नव्या पांढऱ्या पेशींची गर्दी थांबवतात आणि आधीचा कचरा उचलायला लावतात. शिवाय ईपीए अरॅकिडोनिकची जागा पण अडवतं. म्हणजे प्रश्न एकच, हे दोन पोटात किती जातात?

जवस इथेच मागे पडतं. त्यात असतं एएलए हे वेगळं ओमेगा थ्री, शरीरात त्याचं ईपीए होतं जेमतेम काही टक्के आणि डीएचए त्याहून कमी. चटणी खा की, फायबर मस्त आहे, फक्त दळलेलं खा, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, आणि पूड फ्रीजमधे ठेवा नाहीतर खवट होते. पण सुजेसाठी तिच्यावर भिस्त नको.

बांगडा, तारली यात ईपीए डीएचए तयारच मिळतं, सुरमईपेक्षा स्वस्त आणि छोटा मासा म्हणून पारा पण कमी. तळण्यापेक्षा कालवण बरं. मासे खाणाऱ्याने आठवड्यातून दोनतीनदा हेच करावं, माझं तरी मत हेच. मात्र आमवातावरच्या अभ्यासात जो डोस वापरतात, रोज साधारण ३ ग्रॅम ईपीए डीएचए मिळून, तो एवढ्या माशातून निघत नाही.

तिथे कॅप्सूल, पण डबी उलटी करून वाचा हां! पुढे १००० मिग्रॅ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, मागे बघितलं तर साध्या कॅप्सूलमधे ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे ३ ग्रॅमसाठी दहा गिळा!! त्यापेक्षा कॉन्सन्ट्रेटेड घ्या. शाकाहारी असाल तर शेवाळाच्या तेलाची मिळते, माशांकडे पण ते मुळात शेवाळातूनच येतं. फरक कळायला दोनतीन महिने जातात आणि तोही माफकच, त्यामुळे मेथोट्रेक्सेट वगैरे आमवाताचं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर मोठा डोस डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्त डोसने एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे ठोके असे अनियमित पडण्याचा धोका वाढतो असं दिसलंय.