लाल स्वेटरच्या व्हिडिओतला बाप मीच

तुळशीवृंदावनाशेजारी लाल स्वेटर घालून उभं असलेलं साडेचार वर्षांचं पोर आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोलणारा चष्मेवाला बाप. "किडनीचा आजार होता, अंगावर सूज होती, आता सगळं नॉर्मल आहे. ही पुडी मुळावर काम करते." एका वैद्याच्या पुडीचा जेमतेम पाऊण मिनिटाचा व्हिडिओ. सांगली, जत, पलीकडे विजापूरपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय म्हणे. तो बाप मी. त्यातलं एकही वाक्य कुणी दटावून माझ्याकडून वदवून घेतलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

गेल्या गणपतीत आमचा बाब्या सकाळी उठायचा तो डोळे सुजलेले घेऊनच. आधी वाटलं डास चावला, मग अ‍ॅलर्जी. दुपारपर्यंत सूज उतरायची, त्यामुळे आम्हीही आरतीच्या गडबडीत विसरून जायचो. पाचव्या दिवशी मोजे काढले तर इलॅस्टिकचा वण पायात बोटभर रुतलेला. सोळा किलोचं पोर, वजन भरलं साडेअठरा. मिरजेत मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. लघवीतून प्रथिनं वाहून चाललेली, रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे तिथलं मुख्य प्रथिन, 1.6 पर्यंत उतरलेलं, कोलेस्टेरॉल चारशेच्या वर. नेफ्रोटिक सिंड्रोम.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडाची गाळणी सैल पडते, प्रथिनं लघवीतून निघून जातात, रक्तातलं पाणी अंगात साठतं आणि सूज येते. बहुतेक वेळा दोन ते सहा वर्षांच्या मुलांत दिसतो. बहुतेकांना स्टेरॉइडच्या गोळ्यांनी गुण येतो. सहा आठवडे रोज, पुढचे सहा आठवडे दिवसाआड. मग डॉक्टर म्हणाले, "निम्म्याहून जास्त मुलांना हा परत येतो. घाबरायचं नाही, परत गोळ्या द्यायच्या. मोठा होईल तसा बहुतेकांचा सुटतो."

बाकी सगळं डोक्यावरून गेलं, "परत येतो" एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं. पुढे माझ्याकडून पैसे निघाले ते त्या दोन शब्दांवर.

घरी येताना डॉक्टरांनी लघवीत प्रथिनं जातायत का ते बघायला एक काचेची परीक्षानळी आणि वही दिली होती. रोज सकाळची पहिली लघवी नळीत पाऊण भरायची, नळी चिमट्यात तिरकी धरायची आणि वरचा भाग गॅसवर तापवायचा. उकळी आली की व्हिनेगरचे दोन-तीन थेंब. पाण्यासारखी राहिली तर निल. जरा धुरकट झाली तर ट्रेस. मग एक प्लस, दोन प्लस, आणि दह्यासारखी गाठली तर तीन-चार प्लस. तीन दिवस सलग तीन प्लस दिसलं की आजार परत आला असं धरायचं आणि फोन करायचा. बायकोनं त्यासाठी जुना एक बर्नरचा गॅस मागच्या पडवीत मांडला. आईला आधी किळस यायची, मग तीच सकाळी हाक मारायची, "बघितलं का रे आज?" बाराव्या दिवशी नळीतलं पाणी तापवूनही पाण्यासारखंच राहिलं. त्या दिवशी आम्ही तिघं त्या नळीकडे देवासारखं बघत होतो.

गोळ्यांनी बाब्याचा चेहरा गरगरीत झाला, भूक राक्षसासारखी लागायची. मीठ कमी ठेवायचं, म्हणून पापड, लोणचं, फरसाण सगळं बंद. दिवाळीला आईनं त्याच्यापुरत्या बिनमिठाच्या चार चकल्या तळल्या. त्यानं एक तोंडात घातली, थुंकली आणि शेजारच्या पोराच्या हातातल्या चिवड्याकडे बघत बसला. आई आत जाऊन रडली. त्याच संध्याकाळी फराळाला आलेल्या तिच्या भिशीतल्या एका बाईंनी "एक वैद्य आहेत, दर गुरुवारी सांगलीला येतात" असं सांगितलं. बाईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांचाही भाचा म्हणे त्याच्याकडून बरा झालेला.

माणूस पन्नाशीचा, पांढरा सदरा, आवाज हळू. ओळखीच्यांच्या घरी वरच्या खोलीत बसायचा, बाहेर पाटी नाही. "आधी रिपोर्टचे फोटो पाठवा, मग या," असं त्यानं सांगितलेलं. गुरुवारी गेलो तर बाब्याची नाडी धरून डोळे मिटले आणि म्हणाला, "सकाळी डोळ्यांपासून सुरुवात झाली. पाण्याचा साठा. रक्तात चरबी." आई माझ्याकडे बघायला लागली. हे सगळं मीच दोन दिवसांपूर्वी त्याला पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर होतं, हे माझ्या ध्यानात कधी आलं, तर तीन महिन्यांनी.

डॉक्टरांना तो एका शब्दानं नावं ठेवत नव्हता. "त्यांनी आग विझवली. निखारे आत आहेत. आजार परत येतो ना? मग तो गेला कुठं होता?" आता यावर काय बोलणार. मी बारावी सायन्सचा माणूस, दुकानाची खाती बघतो, दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत उठत नाही. त्या खोलीत मात्र मी नुसती मान हलवत होतो.

पहिल्या पंधरा दिवसांचे 2,500. मग एकवीस दिवसांचे 6,500. मग "सुवर्णयुक्त" म्हणून 21,000. शेवटी चाळीस दिवसांचा "पक्का कोर्स", 31,500. एकूण 61,500. पुड्या वर्तमानपत्राच्या कागदात, राखाडी रंगाच्या. वर नाव नाही, बॅच नाही, आत काय आहे याचा पत्ता नाही. पैसे प्रत्येक वेळी वेगळ्या क्यूआर कोडवर. एकदा स्क्रीनवर कुण्या बाईचं नाव आलं, एकदा किराणा दुकानाचं. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्यात औषधाचा पैसा स्वतःच्या हातात घेत नाहीत." आणि मला ते पटलं!

पटलं, कारण गुण दिसत होता. पुडी सुरू झाली तेव्हा बाब्या दिवसाआड गोळीवर आला होता. डोस उतरला तसा गरगरीत चेहराही उतरायला लागला. वैद्य म्हणाला, "बघा, सूज आतून उतरतेय." चिडचिड कमी झाली. "बघा, मन शांत झालं." लघवी तर आधीच महिनाभर स्वच्छ होती. बऱ्या होत चाललेल्या पोराला त्या दिवसांत चुलीतली राख चाटवली असती तरी तिचा गुण आलाच असता. असल्या माणसांना फार आजारी पोर नकोच असतं. ते हातातून गेलं तर नाव जातं. त्यांना हवं असतं दवाखान्यातून नुकतं घरी आलेलं पोर आणि त्याचे घाबरलेले आईबाप.

दुसऱ्या भेटीत त्यानं जे सांगितलं ते मला आजही सगळ्यात जास्त खुपतं. "ताई, ते रोज लघवी तापवणं बंद करा. पोराच्या मनावर परिणाम होतो. रोज आजाराचं तोंड बघाल तर आजार घर सोडेल कसा?" बायकोनं "आठवड्यातून एकदा तरी?" विचारलं. तो नुसता हसला. नळी माळ्यावर गेली. पैसे गेले ते गेले, पण ज्यानं आम्हाला खरं-खोटं कळलं असतं ती एकच वस्तू त्यानं गोड बोलून घराबाहेर काढली. त्या वहीत नोव्हेंबरच्या मध्यापासून पानं कोरी आहेत.

व्हिडिओ त्याच सुमाराचा. "तुमच्यासारख्या चार आईबापांना धीर येईल," म्हणाला. थंडी होती म्हणून लाल स्वेटर.

दिवसाआडच्या गोळ्यांचे शेवटचे दहा दिवस राहिले तेव्हा तो म्हणाला, "आता दोन्ही एकत्र नकोत, पुडी अंगी लागत नाही." आम्ही गोळी थांबवली. डॉक्टरांनी बजावलेलं होतं की ही गोळी मनानं थांबवायची नाही, कारण शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवायची सवय मोडलेली असते आणि एकदम तोडलं तर ताप-उलटीसारख्या साध्या दुखण्यातही पोर कोसळू शकतं. पुढची तपासणीही टाळली. खरं सांगायचं तर डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं ही लाज होती.

डिसेंबरअखेर बाब्याला सर्दी झाली, तीन दिवसांनी सकाळी डोळे जड. वैद्याला फोन केला. "विष बाहेर पडतंय, पुडी मुरतेय. सात दिवस काही करू नका." आम्ही चार दिवस काही केलं नाही. पाचव्या रात्री पोर पोट दुखतंय म्हणून कण्हायला लागलं. बायको काही न बोलता स्टूल घेऊन माळ्यावर चढली, नळी धुतली आणि रात्री दीड वाजता पडवीत गॅस पेटवला. मी बॅटरी धरून उभा होतो. उकळी यायच्या आतच वरचा भाग पांढरा फटक झाला, व्हिनेगर टाकलं तरी हटला नाही. नळी उलटी केली तरी सांडली नसती, एवढं घट्ट. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रिक्षा बोलवायला सांगितली.

पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका होती. या आजारात तो जिवावर बेतू शकतो. नऊ दिवस दवाखान्यात, शिरेतून अँटिबायोटिक. डॉक्टर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुडी आणा." असल्या पुड्यांत कधी छुपं स्टेरॉइड निघतं, कधी शिसं-पारा. मग रक्तातलं शिसंही तपासलं आणि मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारं क्रिएटिनिनही. दोन्ही ठीक आलं. गोळ्या पुन्हा रोज सुरू झाल्या. सलग तीन दिवस लघवी स्वच्छ आली की दिवसाआड, मग चार आठवडे तशाच.

आमच्या गल्लीत रीतसर पदवी घेतलेल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाई आहेत. वीस वर्षांचा दवाखाना, आम्ही मात्र त्यांना कधी विचारलंच नाही. त्या "गोळी चुकवू नका" म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच बहुतेक. नंतर पुडी दाखवली तर उलटसुलट करून म्हणाल्या, "यावर नाव कुठंय? परवाना क्रमांक? घटक? आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं छापावंच लागतं." त्यांच्याकडूनच कळलं की आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर खरा वैद्य रागावत नाही. आणि 1954 चा एक कायदा आहे, चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा. काही आजार बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही अशी यादी त्याला जोडलेली आहे. तीत 'ब्राइट्स डिसीज' आहे. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचं हे जुनं नाव. म्हणजे माझा तो व्हिडिओ नुसता खोटा नाही, बेकायदा पण असू शकतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "पावती?" पावती नव्हती. "पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना?" हो. यूपीआयचे चारही व्यवहार, कॉलची यादी, पुड्यांचे फोटो छापून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज घेतला. त्याचे व्हॉइस मेसेज मात्र हातात नव्हते. "ऐकून झाले की काढून टाका, फोन जड होतो," असं तो म्हणायचा आणि आम्ही ऐकायचो. तुमच्याकडे असतील तर एकही पुसू नका. अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार दिली (1800222365 हा त्यांचा टोल फ्री नंबर). उरलेल्या अकरा पुड्या त्यांनी नेल्या, अहवाल अजून यायचा आहे. बोगस डॉक्टरांसाठी तालुका आणि जिल्हा पातळीवर समित्या असतात, तिथंही अर्ज दिलाय. त्या वरच्या खोलीला आता कुलूप आहे आणि घरमालक म्हणतात, ते आमचे कुणी नव्हेत.

आईचं सांगायचं तर तिनं महिनाभर मोठ्यानं बोलणं सोडलं होतं. बायको तिला एकदाही लागेल असं बोलली नाही. आता सकाळची नळी आईच तापवते. बाब्या शेजारी उकिडवा बसतो आणि वहीत काय लिहायचं ते तोच सांगतो. "पाणी!" म्हणजे निल.

गेल्या आठवड्यात जतकडच्या एका बाईंचा फोन आला. व्हिडिओ बघून, कुणाकुणाकडून नंबर काढून केलेला. त्यांची मुलगी तीन वर्षांची, आजार तोच, नुकतीच दवाखान्यातून घरी आणलेली. मी सगळं सांगितलं, पुडी, पडवी, ते नऊ दिवस. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "पर दादा, तुमचं पोरगं त्यात हसतंय की."

मी म्हणालो, हसत होतं. त्या आठवड्यात त्याची गोळी चालू होती.