ई-एससीआर: सुप्रीम कोर्टाचे निकाल फुकट वाचायची सोय, सहा महिने वापरल्यावर

नळाला गढूळ पाणी येत होतं म्हणून बादलीचा फोटो एरियाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की साहेब झोपलेत का. संध्याकाळी फोन आला, नाव सांगितलं नाही, पोस्ट काढा नाहीतर आयटी कायद्याचं कलम ६६अ लागेल म्हणाले. घाबरून काढली. रात्री वकिली शिकणारा भाचा म्हणाला, मामा ते कलम कधीच रद्द झालंय, आणि त्याने ई-एससीआरची लिंक पाठवली.

ही सुप्रीम कोर्टाचीच सेवा आहे, जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हाच साधारण ३४ हजार निकाल होते. पैसे नाहीत. शब्द टाकून शोधा, वर्ष टाका, न्यायाधीशांचं नाव टाका, निकालाची पीडीएफ उघडते आणि सुरुवातीला हेडनोट असते म्हणजे केस काय होती नि कोर्टाने काय ठरवलं ते थोडक्यात. माझ्यासारख्या वकील नसलेल्या माणसाला त्या हेडनोटनेच वाचवलं, कारण मी पहिलाच निकाल उघडला तो ६६अ रद्द करणारा, श्रेया सिंघल, २४ मार्च २०१५, शंभराच्या वर पानं.

पण वाचला. तीन रात्री लागल्या. २०१२ मध्ये बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद होती त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाईक केलं आणि दोघींना अटक झाली, तिथून हे प्रकरण कोर्टात गेलं. ६६अ मध्ये समोरच्याला त्रास झाला, गैरसोय झाली एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत जेल होती. कोर्ट म्हणतं की चर्चा करणं वेगळं, एखादी बाजू हिरीरीने मांडणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, आणि बंधन येतं ते चिथावणीपर्यंत गेल्यावरच. बोलण्यावर बंधन कोणत्या कारणांनी घालता येतं ते राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये आहे, कुणाला राग आला हे कारण त्यात नाहीच. हे वाचताना मला माझी बादली आठवत होती. तरी २०१५ नंतरही या मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, म्हणून २०२२ मध्ये कोर्टाला परत आदेश काढून सांगावं लागलं की यात कुणावर खटला चालवू नका.

श्रेया सिंघलच्याच निकालात त्याच कायद्याचं ६९अ मात्र कायम ठेवलंय, म्हणजे सरकार कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांसाठी वेबसाईट ब्लॉक करू शकतं, आणि कारणं लेखी द्यायची. फॉरवर्डमध्ये ही अर्धी बाजू कधीच येत नाही, म्हणून मूळ निकाल वाचा असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय.

मग मार्च २०२४ चा कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्राध्यापकाचा निकाल काढला. ३७० हटवल्याचा दिवस काळा दिवस असं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं म्हणून हातकणंगल्याला गुन्हा, हायकोर्टाने रद्द करायला नकार दिला, सुप्रीम कोर्टाने रद्द केला. टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि आता पोलिसांनाही हे शिकवायची वेळ आलीय असं कोर्टाने लिहिलंय. छोटा निकाल आहे, सुरुवात यानेच करा.

काही निकालांचं मराठी भाषांतर पण मिळतं, घरच्या मोठ्यांना वाचायला बरं. पण अडलं तर मूळ इंग्रजीच धरायचं.

एक लक्षात ठेवा, इथे फक्त सुप्रीम कोर्ट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा (सरकारबद्दलचा ऑनलाईन मजकूर खोटा आहे का ते ठरवणारं पथक) नियम रद्द केला तो इथे शोधत बसू नका, हायकोर्टांचे निकाल ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर असतात.

पाच पैकी पाच स्टार. बादलीचा फोटो परत टाकलाय, यावेळी खाली श्रेया सिंघलचा तो परिच्छेद पण चिकटवला.