रँडम मॅट्रिक्सच्या कामाला ऑक्टेव्ह: सहा महिने वापरून

कपाशीतल्या किडी आणि मित्रकिडींचं जाळं धक्क्यानंतर सावरतं का, हे तपासायला ऑक्टेव्ह हे गणिती सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं, एकदा टाकलं की नेट लागत नाही. खेड्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची.

कोणती प्रजाती कोणावर किती परिणाम करते, याचा आकड्यांचा चौकोनी तक्ता म्हणजे मॅट्रिक्स; आकडे यादृच्छिक घेतले की ती रँडम. 100 प्रजाती घ्या, जोडणी (एकीचा दुसरीवर परिणाम असण्याची शक्यता) 0.1, परिणामांचं प्रमाण विचलन 0.3, सरासरी शून्य, कर्णावर (प्रजातीचा स्वतःवरचा परिणाम) −1. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांच्या 1972 च्या निकषाने 0.3 × √10 (10 म्हणजे 100 × 0.1) म्हणजे 0.95, 1 च्या आत, म्हणून जाळं स्थिर. बरेच जण इथेच थांबतात. पण मॅट्रिक्समध्ये तिचीच ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) मिळवून निम्मी करा आणि सर्वांत मोठं आयगेनमूल्य (जाळं किती वेगाने ढळतं किंवा सावरतं ते सांगणारा आकडा) काढा, ते +0.34 च्या आसपास येतं. ही रिॲक्टिव्हिटी. ती शून्याच्या वर असली की जाळं सावरण्याआधी आणखी ढळू शकतं. ती शून्याखाली आणायला 0.95 च्या जागी 0.71 पेक्षा कमी आकडा लागतो. शेतकऱ्याचं नुकसान याच उसळीत होतं: कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, मग जाळं पुढे मूळपदावर येवो की न येवो.

सगळ्यात मोठा चकवा सर्वांत मोठा आकडा देणाऱ्या 'मॅक्स' या आज्ञेचा. आयगेनमूल्यं संमिश्र असली की ऑक्टेव्ह त्यांची तुलना मापांकाने (शून्यापासूनच्या अंतराने) करतं, त्यामुळे डाव्या टोकाचं, −1.9 च्या जवळपासचं मूल्य हाती येतं आणि अस्थिर मॅट्रिक्सही ठणठणीत दिसते. आधी वास्तव भाग काढणारं 'रिअल' लावा, मग 'मॅक्स'.

उसळीची उंची काढायला 'एक्सपीएम' (मॅट्रिक्सचं घातांकी रूप, म्हणजे ठरावीक काळानंतरची स्थिती काढणारी आज्ञा) दर वेळी चालवू नका. 0.05 कालावधीची मॅट्रिक्स एकदाच काढा, तिनेच गुणत जा, प्रत्येक पायरीला 'नॉर्म' (धक्का जास्तीत जास्त किती पट होतो तो आकडा) घ्या. पायरी मोठी घेतली तर शिखर निसटतं. ताळा सोपा आहे: 0.001 कालावधीच्या नॉर्ममधून 1 वजा करून 0.001 ने भागा, रिॲक्टिव्हिटीच यायला हवी.

यादृच्छिक आकडे देणाऱ्या 'रँड' आणि 'रँडएन' या आज्ञांचं बीज (सुरुवातीचा आकडा) प्रत्येकीसाठी स्वतंत्रपणे ठरवावं लागतं. दोघींपैकी एकीचंच ठरवलं तर तीच मॅट्रिक्स पुन्हा मिळत नाही. 10-12 प्रजातींच्या जाळ्याला मे यांचा निकष फार सैल बसतो, तिथे किमान हजार मॅट्रिक्स काढून किती टिकल्या ते मोजा. दर 50 नंतर 'सेव्ह' हवंच. बॅटरी उतरलेली असली आणि लाइन गेली, तर रात्रभराचं गणित जातं.