थंडीत पक्ष्यांना जिवंत अळ्या घालायच्या, तर कोणत्या?

दाणे खाणाऱ्या पक्ष्यांचं हिवाळ्यात सोपं असतं, बिया टांगल्या की झालं. पंचाईत होते ती थंड देशांतल्या रॉबिन, रेन, ब्लूबर्ड अशा बारीक चोचीच्या मंडळींची. त्यांची चोच पालापाचोळ्यातले किडे टिपायची, टणक बी फोडायची नव्हे. जमीन गोठली की किडे खोल दडून बसतात. एखादा १०-२० ग्रॅमचा पक्षी कडाक्याच्या एका रात्रीत आपल्या वजनाचा दहावा हिस्सा जाळून बसू शकतो. उजाडताच बशीवर येतो तो ही तूट भरायला.

बहुतेकांची सुरुवात मिलवर्मपासून होते आणि ते योग्यच आहे. ही एका काळपट भुंगेऱ्याची अळी. खरा प्रश्न एवढाच असतो, की जिवंत घ्यायची की वाळवलेली. वाळवलेल्या अळीच्या पाकिटावर प्रथिनं ५० टक्क्यांच्या आसपास दिसतात, जिवंतमध्ये जेमतेम २०. हे वाचून लोक वाळवलेल्याकडे वळतात. पण अळी तीच आहे, फक्त पाणी गेलंय. जिवंत अळीत साधारण ६० टक्के पाणी असतं, आणि सगळं गोठलेलं असताना हे पाणीही पक्ष्याच्या उपयोगाचं. वाळवलेली घालायचीच असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घाला. कोरडी अळी हलकी, वाऱ्याने बशीतून उडते.

जिवंत अळीचा खरा फायदा तिच्या वळवळीत आहे. वाळवलेल्या अळ्यांची बशी मी आठवडाभर एकाच जागी ठेवली होती. रॉबिन कुंपणावर बसायचा, बघायचा, निघून जायचा. आठव्या दिवशी त्यात पाच-सहा जिवंत टाकल्या. एकीने अंग वळवलं, त्याने मान तिरकी केली आणि थेट बशीच्या काठावर उतरला. पहिल्या तीन त्याने जिवंतच उचलल्या, चौथी वाळलेली. तेव्हापासून मी नव्या पक्ष्यासाठी दोन्ही मिसळून सुरुवात करतो.

आता घरातला प्रश्न. जिवंत मिलवर्म फ्रिजमध्ये, ७ ते १० अंशांत, गव्हाच्या कोंड्यात काही आठवडे सुस्त पडून राहतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून बटाट्याची किंवा गाजराची चकती द्यायची, दिवसभर खाऊ द्यायचं, उरलेली चकती काढून डबा परत आत. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. हे मी हसण्यासाठी सांगत नाही.

सुपरवर्म दिसायला मिलवर्मचाच दांडगा भाऊ, बोटाएवढा. म्हणून मीही तो त्याच खणात ठेवला आणि दोन-तीन दिवसांत सगळा डबा काळा पडून वास मारायला लागला. त्याला फ्रिजची थंडी सोसत नाही. शिवाय छोट्या पक्ष्याला तो फार मोठा पडतो. मोठ्या पक्ष्यांसाठी ठीक, बाकी सोडून द्या.

वॅक्सवर्म म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाची मऊ, पांढुरकी अळी. तिच्यात चरबी जवळपास २५ टक्के, म्हणजे जिवंत मिलवर्मच्या दुपटीच्या आसपास. थंडीत चरबी म्हणजे थेट इंधन, त्यामुळे अगदी गारठलेल्या दिवसांत ही सगळ्यात सरस. पण रोजचं खाणं म्हणून नको, प्रथिनं कमी पडतात. फ्रिजमध्ये ही मरते, साधारण १५ अंशांची थंड खोली हवी. शेजारी कोणी मधमाश्या पाळत असेल तर डबा घट्ट लावा, अळ्यांचे पतंग होऊन पोळ्यांत शिरले तर ओरडा तुम्हालाच.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळीत कॅल्शियम भरपूर असतं, मिलवर्ममध्ये ते फॉस्फरसच्या तुलनेत फारच कमी. म्हणून काहीजण हिचाच आग्रह धरतात. हिवाळ्यात मला तो तितकासा पटत नाही. कॅल्शियमची खरी ओढ अंडी घालताना आणि पिल्लं वाढवताना लागते, तेव्हा जरूर बदला. शिवाय ही अळी ओली झाली की काचेवरही चढते. पाऊस किंवा बर्फाचा शिडकावा झाला की बशी रिकामी, आणि आपल्याला वाटतं पक्षी जेवून गेले.

नाकतोड्यासारख्या उड्या मारणारे क्रिकेट, म्हणजे रातकिडे, या कामात बसत नाहीत. चरबी कमी, डबा उघडला की घरभर, आणि बाहेर गारठले की निपचित.

बशीबद्दल मात्र हयगय नको. उभ्या, गुळगुळीत कडांची, ४-५ सेंमी खोल काचेची किंवा चिनी मातीची वाटी हवी, मिलवर्म त्यावर चढू शकत नाहीत. वर आडोसा असावा. स्टार्लिंगचा (साळुंकीच्या कुळातला पक्षी) थवा येत असेल तर अख्खी वाटी मिनिटात साफ होते, त्यासाठी साधारण ४ सेंमीच्या जाळीचा पिंजरा वाटीभोवती लावा, रॉबिन आणि रेन त्यातून आत जातात. अळ्या मोजून घाला, पक्ष्यामागे १०-१२, एकदा उजाडताना आणि एकदा मावळतीच्या तासभर आधी. काळ्या पडलेल्या, मेलेल्या अळ्या वेचून टाका, वाटी गरम पाण्याने वरचेवर घासा. मासेमारीच्या गळासाठी विकतात त्या रंगवलेल्या किंवा उग्र वासाच्या अळ्या कितीही ताज्या दिसल्या तरी घेऊ नका.

रोज दोनदा वेळ पाळणं जमणार असेल तर जिवंत मिलवर्म, आणि पारा फार उतरला की त्यात मूठभर वॅक्सवर्म. ते जमणार नसेल किंवा घरचे फ्रिजला हात लावू देत नसतील, तर भिजवलेल्या वाळक्या अळ्या घाला. गावाला जाणार असाल तर आठवडाभर आधीपासून घास कमी करत न्या.